शेवटच्या बाकावरचा पेला

जुळे सोलापूर
रविवार, ३ मार्च २०२४

ती. आक्कांना सलाम.

आज महिन्याचा पहिला रविवार. सकाळी सहाला उठले. रिक्षाने चर्चला गेले. उपासना साडेनऊला सुरू झाली, प्रभुभोजन अकराला झालं, भाकरीचा तुकडा आणि पेल्यातला रस सगळ्यांना मिळाला. सगळे गेल्यावर पेले धुतले, पुसले, पेटीत ठेवले. दोन वाजता घरी आले. सकाळचा भात होता, तो दह्याबरोबर खाल्ला. हे जाऊन आज वीस दिवस झाले.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून मोठ्या अक्षरात लिहिते आहे. मातीच्या वेळी तुम्ही मोडनिंबहून आलात, दोन दिवस राहिलात, पण मला काही बोलता आलं नाही. लिहिताना थोडं जमतं.

तुमचा भाऊ बावीस वर्षं चर्चमध्ये काय करत होता हे मला परवा कळलं. सांगायला लाज वाटते. महिन्यातून एका शनिवारी हे दुपारचं जेवून जायचे आणि पाचपर्यंत परत यायचे. प्रभुभोजनाची तयारी असते एवढंच मला माहीत. मी कधी विचारलं नाही, यांनी कधी सांगितलं नाही. चर्चच्या पंचांपैकी आबासाहेब गेल्या आठवड्यात वेस्ट्रीची, त्या तयारीच्या खोलीची, किल्ली घेऊन घरी आले. म्हणाले, "वहिनी, नवा माणूस मिळेपर्यंत तेवढं तुम्ही बघा." मी म्हटलं, मला त्यातलं काय येतं. तर म्हणाले, "आम्हाला तरी कुठं येतं? पेले आपोआप भरतात असंच धरून चाललो होतो आम्ही."

वेस्ट्रीतल्या कपाटाच्या दाराला आतून यांच्या अक्षरातला कागद चिकटवलेला आहे. जसाच्या तसा लिहिते: "काळ्या मनुका शुक्रवारी भिजवणे. उकळून दोनदा गाळणे. पेल्यांना साबण नको, वास राहतो. गरम पाणी आणि सुती फडकं. मग ट्रे घेऊन बाकांवरून फिरणे. प्रत्येक जागेला हात लावून नाव घेणे. एका नावाला एक पेला. नुसतं मोजू नये."

मी काल तसंच केलं. दुपारी तीन वाजता चर्चमध्ये मी एकटीच होते. उन्हामुळे खिडक्या लावलेल्या होत्या. आपल्याकडे ज्याची त्याची जागा ठरलेली असते, त्यामुळे नावं आठवायला वेळ लागला नाही. हात लावायचा, नाव घ्यायचं, ट्रेच्या खाचेत एक पेला ठेवायचा. असं करत शेवटच्या बाकापर्यंत आले. भिंतीकडची कडेची जागा यांची. वेस्ट्रीत पटकन उठून जाता यावं म्हणून हे तिथे बसायचे. माझा हात सवयीने तिथेही गेला. लाकूड ऊबदार होतं. नुकतंच कोणी उठून गेल्यावर असतं तेवढं. मी यांचं नाव घेतलं आणि पेला ठेवला. वेस्ट्रीत येऊन रस ओतल्यावर चूक लक्षात आली. चौऱ्याऐंशी पेले झाले होते. माणसं त्र्याऐंशी.

आणखी एक. पेटीतल्या एका पेल्याच्या काठाला नखाएवढा टवका उडालेला आहे. कोणाचा ओठ कापेल म्हणून तो मी कपाटात वर, फडक्यांच्या मागे ठेवला होता. आज उपासनेनंतर ट्रे परत आले तेव्हा शेवटच्या खाचेत तोच पेला होता. रिकामा, तळाशी जांभळं वर्तुळ. मी तिथे चांगला पेला ठेवला होता. आबासाहेबांना विचारलं. म्हणाले, वेस्ट्रीत कोणी पाऊल ठेवलं नाही.

पुढच्या महिन्यानंतर किल्ली परत देणार आहे. तब्येत सांभाळा.

तुमची,
देवयानी


मोडनिंब
९ मार्च २०२४

देवयानी, सलाम.

तुजं पत्र मिळालं. भिंग लावून दोनदा वाचलं. अक्षर अजून मोटं काढ.

लाकूड उन्हानं तापतंय की. त्यात एवढं लिवण्यासारकं काय हाय? छत्तीस वर्सं मी सरकारी दवाखान्यात नर्सबाई म्हणून काढली. उन्हात ठेवलेलं मढंसुद्दा ऊन लागतं हाताला. म्हणून ते काय उटून चहा मागत न्हाय.

तू नुसता दहीभात खातीस हे मला आवडलं न्हाय. भाकरी टाकत जा. एका माणसापुरती टाकायला जिवावर येतं, मला म्हाईत हाय. मी बारा वर्सं टाकतीय.

किल्ली द्यायची घाई करू नगंस. आबासाहेबाला काय, तो दुसऱ्या कुणाच्यातरी गळ्यात बांधंल. आनि तो टवक्याचा पेला फेकू नगंस. राहू दे हाय तितं.

हितं पान्याचा टँकर दोन दिसाआड येतोय. बाकी बरं हाय.

लीला


जुळे सोलापूर
रविवार, ७ एप्रिल २०२४

ती. आक्कांना सलाम.

ऊन नाही, आक्का. काल मी मुद्दाम पाहिलं. ती भिंत उत्तरेची आहे आणि बाहेर कडुनिंब आहे. पुढचे बाक गार होते. लाकूड ऊबदार होतं ते यांच्याच जागेवर, आणि तेही हातभर रुंदीचं. मी दोनदा हात लावला. मग पदराला हात पुसला, का ते माहीत नाही.

या वेळी मी यांचं नाव घेतलं नाही. पेला ठेवला नाही. भरलेले पेले तीन वेळा मोजले. कागदावर मोजू नये असं लिहिलंय, तरी मोजले. त्र्याऐंशी. टवक्याचा पेला कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये घेऊन घरी आले.

आज प्रभुभोजनानंतर ट्रे आले. चौऱ्याऐंशी पेले होते. शेवटच्या खाचेत टवक्याचा पेला, तळाशी जांभळं वर्तुळ. ओठाचा ठसा कुठेही नव्हता. बाकीच्या पेल्यांवर असतो, कोणाचा तेलकट, कोणाचा लिपस्टिकचा. मी कपाट उघडलं. कुलूप जसंच्या तसं. आत फडकी होती, पेला नव्हता.

कोणाला सांगितलं नाही. नवे पाळक अनिमेष चांगले आहेत, पण वयाने लहान आहेत. ते माझ्यासाठी प्रार्थना सांगतील आणि पुढच्या रविवारी सगळी मंडळी मला हळू आवाजात 'कशा आहात' म्हणून विचारेल. मला ते नको आहे.

मला भीती वाटली हे खरं. पण रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की आज मला भूक लागली आहे. घरी येऊन दोन भाकरी टाकल्या. पेला धुताना मी तो जरा जास्त वेळ हातात धरला होता. यांच्याशी मी कधी फारसं बोलले नाही, तुम्हाला माहीत आहे. दोघंही न बोलणारे. आता वाटतं की हे काहीतरी सांगताहेत आणि मला कळत नाही.

एक विचारायचं आहे. तो पेला फेकू नकोस, असं तुम्ही लिहिलंत. मी फेकणार आहे असं मी लिहिलं नव्हतं. तुम्हाला तो पेला माहीत आहे का?

तुमची,
देवयानी


मोडनिंब
१५ एप्रिल २०२४

देवयानी, सलाम.

व्हय, म्हाईत हाय. सुबोधनं माज्याकडनं वचन घेतलं हुतं की देवयानीला सांगायचं न्हाय. पर त्यो गेला. मेलेल्या मानसाचं वचन पाळायचं का जित्या मानसाची झोप राकायची, ह्याचा आट दिस विचार केला. मग म्हटलं लिवूया.

नऊ वर्सामागं तुज्या लेकीनं, उत्कर्षानं, हारूनसंगट कोर्टात लग्न लावलं आनि तुमच्या त्या जुन्या पाळकानं मंडळीपुढं तिचं नाव वाचून तिला प्रभुभोजनातनं बंद केलं. त्या दिसापास्नं सुबोधनं सोताचा पेला कदी तोंडाला लावला न्हाय. सगळ्यांचे भरायचा. सोताचा बी भरायचा. आनि रविवारी सगळी गेली की त्यो रस औषदाच्या बाटलीत वतून, पेला रुमालात बांदून ठेवायचा. सोमवारी कारखान्यात जाताना चिंचोळीत उत्कर्षाच्या घरी जायचा आनि तिला द्यायचा. नऊ वर्सं, महिन्याच्या महिन्याला. टवक्याचा पेला दुसऱ्या कुणाला कसा द्यायचा म्हणून त्यानं तोच आपल्या नावाला घेतला हुता.

मी त्याला म्हणाले हुते, अरं, तू पाळक हायस का पेला द्यायला? तर म्हणाला, आक्का, मी भांडी धुनारा मानूस, कुटलं भांडं कुणाचं एवडंच मला कळतं.

आता माजं ऐक. भूत बीत काय नसतंय. वेस्ट्रीला मागनं दार हाय ना? लेक तुजी येत असंल. बापाचा पेला घ्यायला. किल्ली त्यानंच दिली असंल तिला. घाबरू नगंस. पोटची पोरगी हाय.

पत्त्याचा कागद आत घातलाय.

लीला


जुळे सोलापूर
सोमवार, ६ मे २०२४

ती. आक्कांना सलाम.

तीन आठवडे उत्तर लिहिलं नाही. तुमच्यावर राग होता. आता नाही.

तुम्हालाही माहीत नसलेली एक गोष्ट सांगते. त्या रविवारी उत्कर्षाचं नाव वाचल्यावर जुन्या पाळकांनी विचारलं होतं, घरच्यांना काही म्हणायचं आहे का. बाक सरकल्याचा आवाज आला. मी बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर होते. मागे वळून पाहिलं तर हे उभे होते. भर मंडळीत हे कधी बोलले नव्हते. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नाही म्हणून. हे खाली बसले. घरी आल्यावर मी म्हटलं, या घरात तिचं नाव घ्यायचं नाही. यांनी घेतलं नाही. मला वाटलं यांनाही ते पटलं आहे.

झीनत नावाची नात सहा वर्षांची झाली. मी तिला पाहिलेलं नाही.

तर काल मी उपासनेला बसलेच नाही. वेस्ट्रीत कपाटाच्या आड खुर्ची घेऊन बसले, मागच्या दाराकडे तोंड करून. म्हटलं, येऊ दे तिला. पहिल्या गीताला बसले ते शेवटच्या आशीर्वादापर्यंत. बाहेर बेचाळीस डिग्री ऊन, आत पंखा लावला नाही, आवाज होईल म्हणून. भिंतीपलीकडे सगळे गात होते. मध्येच भिंतीला लागून असलेला शेवटचा बाक वाजला, कोणी जडपणे बसल्यावर वाजतो तसा. मग एका माणसाचा घसा साफ केल्याचा आवाज. एवढंच. मागच्या दारातून कोणी आलं नाही. येणार तरी कसं, दाराला आतून कडी होती. ती मी नंतर पाहिली.

ट्रे आले. पेला होता.

तरी मला वाटतं ती उत्कर्षाच असावी. समोरून येत असेल, डोक्यावरून पदर घेऊन, शेवटच्या बाकावर बसत असेल. शेवटच्या बाकाकडे कोण बघतं? मी स्वतः नऊ वर्षं बघितलं नाही. तिला पत्र लिहिते आहे.

तुमची,
देवयानी


जुळे सोलापूर
बुधवार, ८ मे २०२४

चि. उत्कर्षाला,

पत्ता लीलाआत्याने दिला. तुझा फोन नंबर माझ्याकडे नाही, आणि असता तरी मला बोलता आलं नसतं.

बाबांचं काम सध्या मी करते. त्यांच्या जागेवरचा पेला दर महिन्याला रिकामा होतो. तू येतेस, असं आत्या म्हणते. येत असशील तर लपून येऊ नकोस. समोरच्या दाराने ये. मी तुला काही म्हणणार नाही. मागे जे केलं ते मीच केलं, बाबांनी नाही, हे तुला माहीत असावं म्हणून लिहिते.

झीनतला आशीर्वाद.

आई


चिंचोळी
२१ मे २०२४

प्रिय आई,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि दोन दिवस ते तसंच ठेवलं. हारून म्हणाला, बिल नाहीये ते, उघड.

तू लिहिलंस, ते वाचलं. त्यावर आत्ता काही लिहिता येत नाही. पण एक गोष्ट लगेच सांगायला हवी. आई, मी चर्चला येत नाही. बाबांच्या मातीला मी गेटबाहेर रिक्षात बसले होते, त्यानंतर त्या रस्त्यानेही गेलेले नाही.

आणि तो पेला तुझ्याकडे असणं शक्य नाही. तो माझ्याकडे आहे.

बाबा फेब्रुवारीत पाच तारखेला आले होते, सोमवारी. त्या दिवशी त्यांना दम लागत होता. नेहमी पेला इथेच धुऊन, रुमालात बांधून परत न्यायचे. मी म्हटलं, आज राहू द्या बाबा, मी धुवीन, पुढच्या महिन्यात न्या. म्हणाले, "विसरू नकोस, त्याची जागा रिकामी राहील." पुढच्या सोमवारी ते गेले. तेव्हापासून पेला माझ्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर आहे, मिठाच्या बरणीशेजारी. काठाला नखाएवढा टवका. आत्ता पत्र लिहिताना समोर घेऊन बसले आहे.

हे लिहू की नको, कळत नाही. मार्चपासून तीन वेळा असं झालंय, की महिन्याच्या पहिल्या रविवारनंतरच्या सोमवारी सकाळी फळीवरून काढला तर पेल्याच्या तळाशी जांभळं वर्तुळ असतं. पहिल्यांदा वाटलं, नीट धुतला नव्हता. दुसऱ्यांदा झीनतला रागावले, सरबत पिऊन ठेवलंस म्हणून. ती म्हणाली, "तो आजोबांचा ग्लास आहे, मी कशाला पिऊ?" तिसऱ्यांदा रविवारी रात्री मी तो घासून, कोरडा करून, उपडा ठेवला होता. सकाळी सुलटा होता.

बोट लावून चव घेतली. मनुकांची होती.

भीती नाही वाटली. पण तो पेला भरलेला कधीच नसतो, आई. नेहमी रिकामाच. कोणीतरी इथवर आणतं आणि द्यायला जमत नाही, असं वाटतं.

उत्कर्षा


जुळे सोलापूर
सोमवार, ३ जून २०२४

ती. आक्कांना सलाम.

उत्कर्षाच्या पत्राची नक्कल सोबत पाठवते. वाचून तुम्हीच सांगा.

कालही ट्रेमध्ये पेला होता. मी तो हातात घेऊन खिडकीशी गेले आणि टवका पाहिला. चिंचोळीत फळीवर आहे तोच. मी तो धुतला नाही. तसाच पेटीत ठेवला आणि यांच्या जागेवर जाऊन बसले. जागा ऊबदार होती. अर्धा तास बसले असेन. काही झालं नाही. कडुनिंबाच्या फांद्या खिडकीला घासत होत्या. लग्नानंतर पस्तीस वर्षांत आम्ही दोघं असे शेजारी शेजारी अर्धा तास कधी बसलो असू, आठवत नाही.

काय करायचं ते मला कळलं आहे, आक्का. कळत नाही असं म्हटलं तर खोटं होईल. बाटलीत रस भरायचा आणि चिंचोळीची सिटी बस पकडायची. चाळीस मिनिटांचा रस्ता आहे. पण मी गेले आणि पेला तिला दिला, की यांचं काम पुरं होईल. मग ती जागा गार पडेल. मला ती तशी नको आहे. आज पहिला सोमवार होता. मी कपडे करून पर्स घेतली, आणि दारातून परत फिरले.

दुसरीकडे पंचांनी ठरवत आणलंय की ऑगस्टपासून प्लास्टिकचे पेले आणायचे, वापरून टाकून देता येतात. अनिमेष पाळक म्हणाले, "मावशी, तुमचाच त्रास वाचेल." मी हो म्हणून आले. किल्लीही देऊन टाकते म्हटलं.

तुमची,
देवयानी


मोडनिंब
१० जून २०२४

देवयानी,

मी म्हटलं हुतं भूत नसतंय. आता तसं म्हणत न्हाय. मला म्हाईत न्हाय.

पर दवाखान्यात एक बघितलंय. मानूस जाताना घरची त्याचा हात सोडत न्हाईत. त्यास्नी वाटतं आपण धरून ठेवलंय म्हंजे लई माया हाय. आनि त्यो बिचारा अडकून बसतो, धड हितं न्हाय धड तितं न्हाय. मी हात सोडवायची. शिव्या खायची.

माज्या भावाच्या गुडघ्यात वात हुता. चार महिने तू त्याला चिंचोळीपतुर चालवतीयस आनि सोता एसटीच्या भाड्याला भितीस व्हय?

लीला


जुळे सोलापूर
शनिवार, ३ ऑगस्ट २०२४

ती. आक्कांना सलाम.

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला दोन महिने लागले. तुम्ही रागावला असाल.

जुलैच्या पहिल्या शनिवारी मी यांच्या जागेला हात लावून नाव घेतलं ते माझं. रविवारी मी प्रभुभोजन घेतलं नाही. ट्रे पुढून गेला तेव्हा शेजारच्या दाक्षायणीबाईंनी कोपर मारलं, "अहो, झोपलात का?" मी मान हलवली. नाही म्हणूनच, पण या वेळी वेगळी. माझ्या वाट्याचा रस नंतर बाटलीत ओतला.

सोमवारी आठ तारखेला चिंचोळीला गेले. दार हारूनने उघडलं. मी कोण ते त्याने विचारलं नाही. "या, आई. बाबा त्या खुर्चीवर बसायचे, पंख्याखाली," म्हणाला आणि गॅरेजला निघून गेला. घरात आम्हाला बोलता यावं म्हणून गेला असेल. झीनत माझ्या पिशवीकडे बघत होती. म्हणाली, "आजोबा बाटली खिशातून काढायचे. तुम्ही पिशवीतून का?" मी म्हटलं, साडीला खिसा नसतो. तिला ते पटलं.

उत्कर्षा बारीक झाली आहे. केस कापलेत. तिने फळीवरून पेला काढला, धुतला, माझ्यासमोर ठेवला. मी रस ओतला. भाकरीचा तुकडा आणला होता तो ठेवला. पुढे काय करायचं मला माहीत नव्हतं. विचारलं, बाबा काय म्हणायचे? म्हणाली, "काही नाही. फक्त माझं नाव घ्यायचे."

मी तिचं नाव घेतलं. नऊ वर्षांनी. पहिल्यांदा अर्धंच निघालं, दुसऱ्यांदा नीट आलं.

तिने पेला तोंडाला लावला आणि रिकामा करून खाली ठेवला. काठावर तिच्या ओठाचा ठसा होता. मग आम्ही दोघी बराच वेळ गवारीच्या शेंगा मोडत बसलो. निघताना तिने पेला रुमालात बांधून दिला. रुमाल यांचाच होता.

आबासाहेबांना सांगून टाकलं, प्लास्टिकचे पेले नकोत, मी धुवीन. म्हणाले, "वहिनी, तुम्ही तर तात्पुरत्या होतात." मी म्हटलं, हेही बावीस वर्षांपूर्वी तात्पुरतेच होते, मला आठवतंय. पंचांना एक अर्जही दिला आहे. पुढच्या सभेत उत्कर्षाचा विषय निघेल तेव्हा मी उभी राहणार आहे. कोणी मान हलवली तरी बसणार नाही. काय होईल ते माहीत नाही. तोवर माझा पेला चिंचोळीला जाईल.

आज शनिवार. दुपारी वेस्ट्रीत गेले. पेटी उघडली, शेवटची खाच रिकामी होती. तिच्यात रुमालातला पेला ठेवला. मग ट्रे घेऊन बाकांवरून फिरले. एकेका जागेला हात लावला, नावं घेतली. हे काम मला येतं असं आज पहिल्यांदा वाटलं. मला गाता येत नाही, चारचौघांत प्रार्थना करता येत नाही, म्हणून प्रभूला माझा काही उपयोग नाही असं मी जन्मभर धरून चालले होते.

शेवटच्या बाकापर्यंत आले. भिंतीकडच्या जागेवर धूळ होती. एवढ्या महिन्यांत तिथे कधी धूळ नव्हती, ते धूळ दिसल्यावर कळलं. हात ठेवला. लाकूड गार होतं. लाकडासारखं लाकूड.

मी ट्रे खाली ठेवला आणि रडले. मातीच्या दिवशी रडले नव्हते, तुम्ही पाहिलंत. किती वेळ ते माहीत नाही. तिथेच बसले होते. डोळे पुसून उठले आणि ट्रे उचलायला वाकताना हात बाकावर टेकला, तर जागा ऊबदार होती. ती माझ्याच अंगाची ऊब होती. उद्यापासून मी तिथेच बसणार आहे, वेस्ट्रीत पटकन उठून जाता येतं.

मग रस ओतला, ट्रेवर पांढरं कापड घातलं. फडकं साध्या पाण्यात धुतलं, पिळलं, मागच्या दाराबाहेरच्या दोरीवर वाळत टाकलं. वारा होता म्हणून दोन चिमटे लावले.

तुमची,
देवयानी